ओसरीवरच्या दोन ग्रंथी

गटाची बैठक उठली की दोघी-तिघी मागे रेंगाळतात आणि हळूच विचारतात, "ताई, लघवीच्या जागेजवळ गाठ येते ती कशाची हो?" चारचौघींत विचारायची लाज वाटते. म्हणून आज आम्ही रेडिओवरूनच बोलायचं ठरवलं. घरात पुरुषमाणसं असली तरी आवाज कमी करू नका.

आधी जागा समजून घेऊ. आपल्याला खाली तीन वाटा असतात: पुढे लघवीची, मध्ये योनीची, मागे शौचाची. योनीच्या दारापुढे, आतल्या ओठांच्या मध्ये जी जागा आहे ती म्हणजे घराची ओसरीच समजा. या ओसरीच्या दोन्ही बाजूंना, कातडीखाली, वाटाण्याएवढी एकेक ग्रंथी असते. उताणं झोपल्यावर तिथे घड्याळ आहे असं धरलं, लघवीच्या बाजूला बारा आणि शौचाच्या बाजूला सहा, तर या ग्रंथी चार आणि आठच्या ठिकाणी येतात. एरवी त्या हाताला लागतही नाहीत. त्यांना बार्थोलिन ग्रंथी म्हणतात. डेन्मार्कच्या कास्पर बार्थोलिन नावाच्या वैद्यानं 1677 साली त्यांचं वर्णन केलं. अवयव बायांचा, नाव बाप्याचं!

काम साधं आहे. थोडा चिकट ओलावा तयार करायचा आणि दोन-अडीच सेंटिमीटरच्या बारीक नळीतून दाराशी सोडायचा. संबंधाच्या वेळचा बहुतेक ओलावा योनीच्या भिंतींतूनच येतो. या ग्रंथी त्यात थोडी भर घालतात.

अडचण होते ती नळीचं तोंड बुजल्यावर. मोरीची जाळी तुंबली की पाणी मागे साठतं, तसा ओलावा आत साठून गाठ फुगते. बहुतेक वेळा एकाच बाजूला. लहान असेल आणि दुखत नसेल तर कित्येकदा उपचारही लागत नाहीत. पण तिच्यात जंतू गेले की तिचं बेंड होतं. मग जागा लाल, गरम होते, ठणका लागतो, बसता-चालता येत नाही, कधी ताप भरतो.

इथेच बाया सगळ्यात जास्त सोसतात. एक तर लाज, त्यात सासूनं किंवा नवऱ्यानं संशय घेतला तर काय ही भीती. नीट ऐका: हे जंतू पुष्कळदा आपल्याच आतड्यातले, शौचाच्या वाटेचे असतात. गाठ आली म्हणजे बाईचं वागणं वाईट, असं मुळीच नाही. काही वेळा संबंधातून येणारा संसर्ग कारण असू शकतो, तेव्हा डॉक्टर तपासणी सांगतात. तसा संसर्ग निघाला तर नवऱ्यानंही औषध घ्यायचं, नाहीतर तो पुन्हा होतो.

घरी काय करायचं? स्वच्छ टबात किंवा घमेल्यात सोसवेल इतकं कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून तीन-चार वेळा. त्यानं आराम पडतो, लहान गाठ कधी आपोआप फुटून वाहून जाते. पण दाबायची नाही, सुईनं टोचायची नाही, चुना लावायचा नाही. ठणका वाढला किंवा ताप आला तर वाट बघू नका. गरोदर बाईनं आणि साखरेचा आजार असलेल्या बाईनं तर त्याच दिवशी दाखवावं.

दवाखान्यात जागा बधिर करून छोटी चीर देतात आणि पू काढतात. नुसती चीर दिली तर ती लवकर मिटते आणि गाठ पुन्हा भरते. म्हणून काही ठिकाणी टोकाला फुगा असलेली बारीक नळी आत ठेवतात. ती चार-सहा आठवडे राहते, तेवढ्यात नवी वाट तयार होते. गाठ वारंवार येत असेल तर पिशवी उघडून तिच्या कडा कातडीला शिवतात, म्हणजे तोंड उघडं राहतं. एका ग्रंथीला त्रास झाला म्हणून पाळी किंवा मूल होणं थांबत नाही.

आता चाळिशी ओलांडलेल्या बायांसाठी. तुमच्या वयात तिथे नवी गाठ आली तर दुखत नसली तरी दाखवायचीच. या ग्रंथीचा कर्करोग फार क्वचित होतो, पण वय वाढल्यावर डॉक्टर तुकडा काढून तपासून घेतात.

केसपेपर काढताना सगळं सांगायची गरज नाही. "बायांच्या आजारासाठी बाई डॉक्टरांना दाखवायचंय," एवढं पुरे. आशाताईंना आधी सांगितलंत तर त्या सोबत येतील. जाताना शेवटच्या पाळीची तारीख आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं तेवढी पिशवीत टाका.