पंप कमरेला, एक्स-रे दाताचा

आमच्या कर्जत-खालापूरकडे ‘पंप’ म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक म्हणजे हमरस्त्यावरचा पेट्रोलपंप आणि दुसरा नदीकाठी घुरघुरणारा पाण्याचा पंप. भिवपुरीच्या टाटांच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी पेज नदीला मिळतं, म्हणून तिच्या काठानं ऐन उन्हाळ्यातही भात हिरवं दिसतं. आज ज्या पंपाविषयी बोलायचं आहे, तो मात्र पत्त्यांच्या कॅटाएवढा. तो माणसाच्या कमरेला असतो आणि पाण्याऐवजी इन्सुलिन सोडतो. असा पंप लावलेला माणूस दात दुखतो म्हणून दवाखान्यात गेला आणि डॉक्टर म्हणाले, “एक्स-रे काढू या,” तर त्यानं काय करावं, एवढाच आजचा विषय. विषय लहान दिसतो. पण अशा वेळी नेमकं सांगणारा माणूस जवळपास नसतो. पंप बसवणारे डॉक्टर मुंबईला किंवा पुण्याला, आणि दात दुखतो तो खोपोलीत किंवा नेरळमध्ये.

आधी पंप समजून घेऊ. मधुमेहाचा एक प्रकार असा आहे, ज्यात स्वादुपिंड इन्सुलिन तयार करणंच जवळजवळ थांबवतं. त्याला ‘टाइप वन’ म्हणतात. बहुतेकदा तो लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो. अशा रुग्णाला बाहेरून इन्सुलिन दिल्याशिवाय गत्यंतर नाही. माणसाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं ते जानेवारी 1922 मध्ये, कॅनडातल्या टोरांटोत, एका चौदा वर्षांच्या मुलाला. आमचं भिवपुरीचं वीजकेंद्र सुरू झालं तेही 1922 मध्येच. योगायोग, दुसरं काही नाही. पण तो माझ्या मनात बसला आहे, कारण पंपाचं काम समजावून सांगायला मला पाटाच्या पाण्याचीच उपमा सापडते. शेतात पाटाला बारीक धार चोवीस तास चालू असते, आणि खाचर भरायचं तेव्हा दार उघडून जास्तीचं पाणी घेतलं जातं. पंपही तसंच करतो. दर काही मिनिटांनी इन्सुलिनचा अगदी सूक्ष्म अंश आत सोडत राहतो, आणि जेवणाच्या वेळी ताटातल्या भात-भाकरीचा हिशेब करून बटण दाबलं की जास्तीची मात्रा देतो. पंपातून एक बारीक नळी निघते. तिच्या टोकाची मऊ सुईसारखी नळी पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली बसवलेली असते आणि ती साधारण दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते.

यातली एक गोष्ट मात्र मनात पक्की ठेवली पाहिजे. पंपात फक्त लवकर काम करणारं आणि लवकर संपणारं इन्सुलिन भरतात. इंजेक्शन घेणाऱ्याच्या अंगात दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचा साठा असतो, तसा पंपवाल्याच्या अंगात नसतो. धार तुटली की तासा-दोन तासांत साखर चढू लागते. आणखी काही तास गेले की रक्तात आम्ल साचू लागतं, आणि ती अवस्था जिवावर बेतू शकते. म्हणून ‘पंप काढून ठेवा’ हे वाक्य कुणीही सहज उच्चारू नये. किती वेळ, हा प्रश्न त्याच्यामागून यायलाच हवा.

आता एक्स-रे. 1895 च्या नोव्हेंबरात जर्मनीत रोंटगेन यांना हे किरण सापडले. ते नेमके कसले आहेत हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी बीजगणितातलं अज्ञाताचं अक्षर त्यांना दिलं. आपल्या मराठीनंही तेच केलं. आपल्या गणितात अज्ञाताला ‘क्ष’ म्हणतात, म्हणून हे झाले क्ष-किरण. भाषांतर असावं तर असं, असं मला हा शब्द उच्चारताना दर वेळी वाटतं. पुढे काही आठवड्यांतच, 1896 च्या आरंभी, ऑटो वाल्कहोफ नावाच्या जर्मन दंतवैद्यानं स्वतःच्याच दातांचं चित्र घेतलं. त्यासाठी त्यांना 25 मिनिटं किरणांसमोर बसावं लागलं! आज तेच काम सेकंदाच्या अंशात होतं. एका दाताच्या छोट्या एक्स-रेत शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग काही मायक्रोसिव्हर्ट एवढाच असतो. माती, खडक, आकाश यांच्यातून आपल्याला वर्षाकाठी सरासरी 2400 मायक्रोसिव्हर्ट आपोआप मिळतच असतात. म्हणजे दाताचा एक एक्स-रे हा ढोबळमानानं एका दिवसाच्या नैसर्गिक किरणांइतकाच. माणसाला त्याची फारशी भीती नाही.

पण पंपाला? पंपाच्या पोटात इलेक्ट्रॉनिक चिप असते. जोरकस क्ष-किरण थेट तिच्यावर पडले तर तिच्यात नको असलेला विद्युतप्रवाह निर्माण होऊ शकतो आणि तिची आज्ञा किंवा स्मरण बिघडू शकतं. इतर यंत्र बिघडलं तर दुरुस्तीला देता येतं. पण हे यंत्र अंगात औषध सोडत असतं, म्हणून काळजी जास्त. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2008 साली एक सूचना काढली होती. सीटी स्कॅनच्या वेळी काही रुग्णांच्या वैद्यकीय उपकरणांत बिघाड झाल्याच्या थोड्या तक्रारी आल्या होत्या, आणि अशा उपकरणांत इन्सुलिन पंपही होते. सीटी स्कॅनमध्ये किरण जास्त, वेळही जास्त, आणि यंत्र थेट झोतात येण्याची शक्यता असते. दाताच्या एक्स-रेत झोत अरुंद असतो आणि तो गालावर रोखलेला असतो. पंप असतो हातभर खाली, कमरेला. पदार्थविज्ञानाच्या हिशेबानं धोका फारच कमी.

मग पंप काढायचाच कशाला? कारण पंप बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तिका. त्यांच्या सूचना एकसारख्या नाहीत. पण आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या पंपांच्या पुस्तिकांत एक्स-रे, सीटी आणि एमआरआय ही तिन्ही नावं एकाच दमात येतात, आणि तिन्हींच्या वेळी पंप खोलीबाहेर ठेवा असं लिहिलेलं असतं. मला हे एका दावणीला बांधणं पटत नाही. एमआरआयमध्ये प्रचंड ताकदीचं चुंबक असतं. तिथे पंप नेणं म्हणजे संकटाला आमंत्रण, त्यात तडजोड नाही. दाताचा छोटा एक्स-रे त्या जातीचा नव्हेच. तरीही माझं मत असं, की पुस्तिकेत काढा म्हटलं असेल तर काढावा. पाच मिनिटं पंप दूर राहिल्यानं साखरेला काही होत नाही, आणि पंपाची किंमत लाखांत असते. उद्या तो दुसऱ्याच कारणानं बिघडला, तरी सूचना पाळली नाही असं कुणी म्हणायला नको.

काही डॉक्टर दाताच्या एक्स-रेच्या वेळी पंप कमरेलाच राहू देतात आणि वरून शिशाचा एप्रन घालतात. हा मार्गही रूढ आहे. यात अलीकडे एक नवी गोष्ट झाली आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशननं सांगितलं की, आजच्या यंत्रांचा झोत इतका आटोपशीर आहे की दाताच्या एक्स-रेला रुग्णाला एप्रन घालण्याची गरज उरलेली नाही. उद्या आपल्याकडेही एखादे डॉक्टर म्हणतील, “एप्रन लागत नाही.” माणसापुरतं ते बरोबरच आहे. पण पंप अंगावर ठेवणार असाल, तर तो यंत्रासाठी मागून घ्यावा. मागायला संकोच कसला?

संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्यात यंत्र डोक्याभोवती फिरतं, आणि दातांचा त्रिमितीय स्कॅन, या दोन्ही वेळी मात्र पंप काढून बाहेर ठेवणंच बरं. आपल्या भागातले रुग्ण अशा तपासण्यांसाठी बहुधा पनवेल, कामोठे, खारघर गाठतात. तिथे रांग असते. पंप काढायचा तो आपला नंबर पुकारल्यावर, रांगेत उभं राहताना नाही.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते सांगतो. पंप लपवला जातो. आमच्या ओळखीतल्या एका घरात कॉलेजात जाणारी मुलगी पंप वापरते. हुशार, बोलकी पोर. पण दातांच्या डॉक्टरांकडे जाताना आई तिला बजावते, “ओढणी नीट घे, कुणाला दिसायला नको.” कारण उघड आहे. गाव लहान, दवाखान्याच्या बाकावर नात्यातलं कुणीतरी बसलेलं असतं, आणि मुलीच्या लग्नाची बोलणी उद्यावर आलेली. मी त्या आईला दोष देणार नाही. हा भार तिनं एकटीनं निर्माण केलेला नाही. पण डॉक्टरला माहीतच नसेल, तर तो काय काळजी घेणार? त्याला नळी दिसली तर तो म्हणतो, “मोबाइल बाजूला ठेव.” आणि मुलगी गप्प राहते. बाकावरच्या लोकांना सांगू नका, माझं काही म्हणणं नाही. खुर्चीत बसल्यावर दार लोटून डॉक्टरला मात्र सांगा. दुसरं टोक म्हणजे भीतीनं एक्स-रेच टाळणं. दाताच्या मुळाशी पू झाला की साखर चढते, चढलेली साखर हिरड्यांचा आजार वाढवते, आणि हे रहाट थांबत नाही. न काढलेला एक्स-रे इथे काढलेल्या एक्स-रेपेक्षा महाग पडतो.

पंप काढायची रीत सोपी आहे, पण क्रम चुकवू नका. आधी पंपावरचा पुरवठा थांबवा, मग नळी जोडावरून सोडवा. कातडीखालची नळी तशीच राहते, तिला हात लावायचा नाही. पुरवठा न थांबवता नुसतीच नळी सोडली, तर पंपाला वाटतं इन्सुलिन आत गेलं, आणि हल्लीच्या स्वतः हिशेब करणाऱ्या पंपांचा हिशेबच चुकतो. काढलेला पंप सोबतच्या माणसाच्या हातात द्या. एप्रिल-मे महिन्यात तो गाडीत ठेवून येऊ नका, उन्हात तापलेल्या गाडीत इन्सुलिन नासतं. दंडावर साखर मोजणारा सेन्सर असेल, तर त्याची पुस्तिका घरीच वाचून निघा. तो एकदा उपटला की पुन्हा चिकटवता येत नाही आणि दुसरा विकत घ्यावा लागतो. एक्स-रे झाला की पंप जोडा, पुरवठा सुरू करा, आणि तो खरंच सुरू झाला आहे ना हे पडद्यावर पाहा. मग साखर तपासा. काही कारणानं पंप तासाभराहून जास्त वेळ बाहेर राहणार असेल, तर पेननं किती इन्सुलिन घ्यायचं ते आपल्या मधुमेहाच्या डॉक्टरांना आदल्या दिवशी फोनवर विचारून ठेवा.

शक्य तर सकाळची, न्याहारीनंतरची वेळ घ्या. एकादशी असो वा रोजा, त्या दिवशी दाताचं काम काढू नये. एक्स-रेनंतर लगेच दात काढायचं ठरलं, तर बधिर करण्याचं इंजेक्शन मिळेल आणि पुढचे दोन-तीन तास नीट चावता येणार नाही. अशा वेळी ‘घरी जाऊन जेवायचंच आहे’ म्हणून जेवणाची मात्रा आधीच घेऊन ठेवलीत, तर साखर धाडकन उतरेल. हात थरथरणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, ही त्याची चिन्हं. खिशात ग्लुकोजची पुडी हवी. तीन चमचे पाण्यात ढवळून घ्यायचे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. खोपोली-कर्जत लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी उभी राहिली, तर तिथे वडापाव मिळत नाही, आणि मिळाला तरी बधिर जबड्यानं तो खाता येत नाही.