तुमचं रान जिरायत का बागायत?

लग्नाची बैठक असो नाहीतर जमिनीचा व्यवहार, बारामती-इंदापूरकडं हा प्रश्न येतोच. जिरायत म्हणजे पावसाच्या भरवशावरची जमीन आणि बागायत म्हणजे पाण्याखालची, हे गावाकडच्या पोरापोरींना पाठ असतं. पण हे शब्द आले कुठून?

‘जिरायत’ ऐकलं की ‘जिरणं’ आठवतं. पाणी जिरतं ती जिरायत, असं सहज वाटून जातं. प्रत्यक्षात दोघांचं काही नातं नाही. मूळ शब्द अरबी ‘झिराअत’. त्याचा अर्थ सरळ ‘शेती’. फारसीतून तो महसुली दफ्तरात आला आणि मराठीत रुळला. त्याचा जोडीदार ‘बागायत’ फारसी ‘बाग’वरून आला. म्हणजे मुळात फरक शेत आणि बाग एवढाच. पण पाण्याशिवाय बाग होत नाही, त्यामुळं उरलेली पावसावरची ती जिरायत, असा अर्थ पक्का झाला.

आपल्याकडं हा फरक नकाशावरच उमटला. भाटघर धरणाच्या पाण्यावर नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास सुरू झाला. कालव्याचं पाणी मिळालं तिथं ऊस आला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरला कारखाने उभे राहिले. सुपे, मोरगावचा पट्टा मात्र कोरडाच राहिला. मग शब्द जमिनीवरून माणसांना चिकटला. ‘आम्ही जिरायती भागातले’ ही इथं चक्क ओळख आहे. जनाई-शिरसाई, लाकडी-निंबोडी या उपसा योजनांकडं लोक डोळे लावून बसतात, ते ही ओळख बदलावी म्हणून.

शब्दाला पैशातही किंमत आहे. कमाल जमीनधारणा कायद्यात बारमाही बागायतीची मर्यादा १८ एकर, तर जिरायतीची ५४. म्हणजे कायद्याच्या हिशोबानं तीन एकर जिरायत बरोबर एक एकर बागायत! आपत्तीत पीक गेलं, तर केंद्राच्या २०२२च्या निकषांनुसार हेक्टरी मदत जिरायतीला ८,५०० रुपये आणि बागायतीला १७,०००. खर्च मात्र जिरायतवाल्यालाही चुकत नाही. बी, खत, नांगरट सगळं आधीच मातीत गेलेलं असतं.

आता घरचा सातबारा काढा. त्यावर जिरायत, बागायत असे रकाने दिसतील. तुमच्या रानाचा आकडा कुठल्या रकान्यात आहे ते बघा. जिरायतीत असला, तर बैठकीत आवाज खाली करायचं कारण नाही. शब्दाचा मूळ अर्थ शेती, आणि ती तुम्ही करताच आहात.