आत्मबळाची पुस्तकं, मुक्काम : जेल

पुस्तकांच्या दुकानात ‘स्वतःला बदला’ छापाची पुस्तकं दर्शनी भागात मांडलेली असतात. मुखपृष्ठावर टाय लावलेला, हसरा लेखक. पण मराठी घरांत ज्या पुस्तकांनी पिढ्यान् पिढ्या माणसांना उभं केलं, त्यातली बरीचशी चक्क गजाआड जन्मली आहेत!

शाई नाही, पेन्सिल घ्या!

‘गीतारहस्य’ हा जाडजूड ग्रंथ टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिला. 1910-11 च्या हिवाळ्यातल्या पाचेक महिन्यांत, तोही पेन्सिलीने. शाईला परवानगी नव्हती. सुटे कागदही मिळायचे नाहीत. बांधीव वह्या आणि त्यांची पानं मोजलेली. मधुमेह जडलेला, घर हजारो मैल दूर. त्यातही फावल्या वेळात स्वारी जर्मन, फ्रेंच आणि पाली शिकत होती.

गंमत पुढे आहे. जून 1914 मध्ये सुटका झाली, पण हस्तलिखित सरकारने ठेवून घेतलं. मित्रांच्या तोंडचं पाणी पळालं. टिळक मात्र निवांत : वह्या सरकारकडे असल्या तरी ग्रंथ डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढू! वह्या अखेर परत मिळाल्या आणि 1915 मध्ये पुस्तक आलं. लोकांना कर्म करा सांगणाऱ्या लेखकाने आधी स्वतः एवढं करून दाखवलं, हे मला तरी त्यातल्या कुठल्याही प्रकरणाइतकंच मोलाचं वाटतं.

वक्ता एक, लेखणी दुसऱ्याची

धुळे तुरुंग, 1932. विनोबा दर रविवारी कैद्यांना गीतेचा एक अध्याय समजावून सांगायचे. अध्याय 18, म्हणून रविवारही 18 : 21 फेब्रुवारी ते 19 जून. विनोबा बोलत राहिले, आणि श्रोत्यांतले एक शिक्षक ते झरझर उतरवून घेत राहिले. ते शिक्षक म्हणजे साने गुरुजी! ‘गीता प्रवचने’ हातात आहे ती त्यांच्या लेखणीमुळे. असा लेखनिक कुणाच्या नशिबी येतो?

‘गीताई’ मात्र तुरुंगातली नव्हे, आईच्या हट्टातली. संस्कृत गीता कळत नाही म्हणून विनोबांच्या आईला ती मराठीत हवी होती. आई 1918 मध्ये गेली. गीताई लिहायला विनोबांनी घेतली 1930 मध्ये.

पाच दिवस, बेचाळीस रात्री

धुळ्यात दुसऱ्याचे शब्द टिपणारे साने गुरुजी पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात स्वतःचे शब्द लिहू लागले. फेब्रुवारी 1933 मधल्या जेमतेम पाच दिवसांत ‘श्यामची आई’ कागदावर उतरली. पुस्तकात रात्री 42, लिहायला दिवस पाच. हिशेब तुम्हीच मांडा! अत्र्यांनी 1953 मध्ये त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलंवहिलं सुवर्णपदक पटकावलं.

येरवड्याची डाक

1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी दर मंगळवारी आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र पाठवायचे. त्या पत्रांचंच पुढे ‘मंगल प्रभात’ झालं. छोटंसं, एका बैठकीत संपणारं. जाड पुस्तकांची धास्ती असेल तर इथून सुरुवात करा.

परदेशातही तेच

सहाव्या शतकात इटलीत बोएथियस नावाच्या बड्या अधिकाऱ्यावर राजद्रोहाचा ठपका आला. मृत्युदंडाची वाट बघत त्याने तत्त्वज्ञानाशी संवाद लिहिला आणि मध्ययुगीन युरोपने तो डोक्यावर घेतला.

व्हिक्टर फ्रँकल हे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ. आउशवित्झला नेलं तेव्हा कोटात दडवलेलं पुस्तकाचं हस्तलिखित नाझींनी हिरावलं. छळछावण्यांतून वाचून आल्यावर त्यांनी अवघ्या नऊ दिवसांत आपले अनुभव तोंडी सांगून लिहवून घेतले. इंग्रजीत ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’ म्हणून गाजलेलं ते हेच. फ्रँकलना ते निनावीच छापायचं होतं. मित्रांनी भरीस पाडलं म्हणून नाव दिलं. 1997 मध्ये ते वारले तोवर कोटीभर प्रती खपल्या होत्या.