पक्षाचा रुपया, उमेदवाराची वही: वऱ्हाडातील निवडणूक हिशेबाचा मागोवा

वऱ्हाडात निवडणुकीचा प्रचार प्रत्यक्ष उभा करते ती पक्षाची जिल्हा किंवा शहर समिती. मंडप, भोंगे, गाड्यांचे भाडे, कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता यांची जुळवाजुळव तिच्याच कार्यालयातून होते, आणि तरीही या समितीकडून तिच्या नावाने स्वतंत्र हिशेब मागणारी तरतूद लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये नाही. अधिनियमाने हिशेबाची जबाबदारी उमेदवार आणि त्याचा निवडणूक प्रतिनिधी, म्हणजे उमेदवाराने लेखी नेमलेला माणूस, यांच्यावरच टाकली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी मध्य प्रदेशात असलेले अमरावती आणि अकोला हे जिल्हे १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले, परंतु कायदा केंद्राचा असल्याने ही मांडणी बदलली नाही. पक्षाने खर्चलेला रुपया कोणाच्या वहीत लिहायचा, हा प्रश्न मात्र दोन दशके जवळजवळ अनुत्तरित राहिला.

त्याला पहिले ठाम उत्तर मिळाले ते दिल्लीतील एका खटल्यात. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दिल्ली सदर मतदारसंघातून निवडून आलेल्या अमरनाथ चावला यांच्याविरुद्ध कंवरलाल गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर ऑक्टोबर १९७४ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, पक्षाने एखाद्या विशिष्ट उमेदवारासाठी केलेला आणि उमेदवाराने जाणूनबुजून लाभ घेतलेला खर्च त्याचाच मानला पाहिजे, अन्यथा खर्चमर्यादेला अर्थ उरत नाही. निकालाची शाई वाळण्यापूर्वीच, त्याच महिन्यात, वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात संसदेने कलम ७७ ला स्पष्टीकरण जोडून नेमके उलट ठरवले: न्यायालयाचा निर्णय काहीही असो, पक्ष, संस्था किंवा मित्र यांनी केलेला खर्च उमेदवाराचा मानला जाणार नाही. प्रामाणिक हिशेबाची इतकी मोठी हानी दुसऱ्या कोणत्याही दुरुस्तीने केलेली नाही.

१९७७ पासून १९९९ पर्यंत अमरावती आणि अकोल्यात झालेली प्रत्येक लोकसभा निवडणूक या स्पष्टीकरणाच्या छायेत पार पडली, आणि म्हणून त्या काळातील उमेदवारांची विवरणे अभ्यासणाऱ्याला त्यांतून उमेदवाराने दाखवलेला खर्च कळतो, त्याच्यासाठी झालेला खर्च कळत नाही. अहमदनगर मतदारसंघातील १९९१ च्या निवडणुकीवरून यशवंतराव गडाख आणि बाळासाहेब विखे पाटील यांच्यात झालेल्या वादाचा १९९३ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या स्पष्टीकरणामुळे खर्चमर्यादा केवळ नावापुरती उरल्याची खंत नोंदवली. १९९६ मध्ये ‘कॉमन कॉज’ प्रकरणात त्याच न्यायालयाने, पक्षाने आपले हिशेब रीतसर ठेवले, लेखापरीक्षण करून घेतले आणि प्राप्तिकर विवरण भरले तरच त्याच्या खर्चाला ही सवलत मिळेल, असे ठरवले आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२४ खाली पक्षांकडून निवडणूक खर्चाचे विवरण मागण्याचा निवडणूक आयोगाचा अधिकार मान्य केला.

खरा पालट २००३ च्या दुरुस्तीने झाला. जुने स्पष्टीकरण जाऊन सवलत फक्त पक्षाच्या नेत्यांच्या प्रवासखर्चापुरती उरली. हे नेते म्हणजेच बोलीभाषेतले स्टार प्रचारक, ज्यांची यादी अधिसूचनेपासून सात दिवसांत द्यावी लागते आणि ज्यांची संख्या मान्यताप्राप्त पक्षाला ४० व केवळ नोंदणीकृत पक्षाला २० इतकी असते. अकोल्यासारख्या मतदारसंघात, जिथे वंचित बहुजन आघाडीसारखा मान्यता नसलेला पक्ष तुल्यबळ लढत देतो, तिथे हा फरक किरकोळ नाही. शिवाय ही सवलत ‘त्या पक्षाच्या’ उमेदवारालाच आहे. २०१९ साली अमरावतीतून काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेसच्या पाठिंब्यावर अपक्ष निवडून आलेल्या नवनीत राणा यांच्यासारख्या उमेदवाराला कायद्याच्या शब्दांनुसार ती मिळू शकत नाही. सभेच्या मंचावर उमेदवार हजर असेल किंवा त्याचे नाव-छायाचित्र झळकत असेल, तर नेत्याचा प्रवास वगळून सभेचा खर्च त्याच्या नावावर चढतो, आणि एकाहून अधिक उमेदवार असतील तर समान विभागला जातो.

नोंदीची आजची पद्धत मुख्यतः २०१० नंतर आयोगाने घडवली. उमेदवाराला मिळणाऱ्या नोंदवहीत दैनंदिन खर्चाची पाने पांढरी, रोखीची गुलाबी आणि बँकेची पिवळी असतात. प्रचारकाळात ही वही किमान तीनदा तपासणीला द्यावी लागते. तिच्या समोर प्रशासन स्वतःची छाया नोंदवही ठेवते, जिच्यात सभेचे चित्रीकरण पाहून मोजलेल्या खुर्च्या, कमानी, फलक आणि गाड्या यांची किंमत जिल्ह्याच्या दरसूचीप्रमाणे लावली जाते. अंतिम गोषवाऱ्यात उमेदवार, पक्ष आणि इतर यांनी केलेल्या खर्चाचे वेगळे रकाने असतात आणि पक्षाकडून मिळालेल्या एकरकमी निधीसाठी स्वतंत्र अनुसूची असते. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर हा निधी धनादेशाने किंवा बँकेतूनच द्यावा लागतो.

वऱ्हाडाच्या मतदारसंघरचनेमुळे हे काम अधिक गुंतागुंतीचे होते. अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे आणि मोर्शी हे विधानसभा मतदारसंघ लोकसभेसाठी वर्ध्यात मोडतात, तर वाशीम जिल्ह्यातील रिसोड अकोल्यात येतो. म्हणजे अमरावती जिल्ह्यात काम करणाऱ्या एकाच पक्षसंघटनेचा खर्च दोन उमेदवारांच्या वह्यांत वाटला जातो, आणि ती वाटणी तपासण्याचा आधार ठरू शकणारा समितीचा स्वतःचा जमाखर्च मात्र कोणत्याच निवडणूक अधिकाऱ्यापुढे येत नाही.

पक्षांनाही विवरण द्यावे लागते: विधानसभेनंतर ७५ दिवसांत, लोकसभेनंतर ९० दिवसांत, आणि उमेदवारांना दिलेल्या एकरकमी निधीचे निकालानंतर ३० दिवसांतच. परंतु त्यात जिल्हा समितीचा खर्च राज्य शाखेच्या आकड्यात मिसळून जातो, आणि पक्षाच्या एकूण खर्चाला तर मर्यादाच नाही. २०२२ पासून ९५ लाखांची मर्यादा आहे ती महाराष्ट्रातील लोकसभा उमेदवाराला. ४ जून २०२४ च्या निकालानंतर अमरावती आणि अकोल्याच्या उमेदवारांनी ३० दिवसांत द्यावयाचे हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जमा होतात, आणि निवडणूक संचालन नियमांतील नियम ८८ प्रमाणे कोणीही एक रुपया शुल्क भरून ते पाहू शकतो. त्याच कार्यालयात, त्याच मुदतीत, जिल्हा समितीचाही जमाखर्च मागितला गेला, तर दर्यापूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या मतदाराला दोन्ही कागद शेजारी ठेवून पक्षाचा रकाना पडताळता येईल. त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, आयोगाच्या विवरण-नमुन्यात जिल्हानिहाय रकाना वाढवणे आणि त्याची प्रत जिल्ह्यात मागवणे एवढेच लागते.