दोन ओळींचा पहिला प्रोग्राम

बूट बाहेर काढायचे, पाय पुसायचे आणि मगच आत. ऐंशीच्या दशकात ज्यांच्या शाळेत कॉम्प्युटर आला, त्यांच्या आठवणी बहुधा या उंबरठ्यापासूनच सुरू होतात. धुळीने यंत्र बिघडेल ही धास्ती एवढी, की देवघराचा नियम कॉम्प्युटरच्या खोलीला लागला. आत एकेका यंत्रापुढे तिघं-चौघं दाटीवाटीने बसलेली. बटण दाबलं की आधी एक जाडा सूर, लगेच मागोमाग बारीक ‘टिंग’.

हा आवाज बीबीसी मायक्रोचा. केंद्र सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा सुरुवातीच्या सुमारे २५० शाळांत हेच ब्रिटिश यंत्र आलं.

त्याचा जन्म मोठ्या धावपळीत झाला होता. लोकांना संगणकाची ओळख करून देणारी दूरचित्रवाणी मालिका बीबीसीला काढायची होती, आणि तिच्या जोडीला सामान्य माणसाला वापरता येईल असं यंत्रही हवं होतं. १९८१ मध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन, स्टीव्ह फर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवडाभराच्या आत त्याचा नमुना उभा केला. बीबीसीचे लोक पाहायला यायच्या जेमतेम काही तास आधी तो चालू झाला! मालिका जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाली. शाळांनी यंत्र घ्यावं म्हणून ब्रिटिश सरकारने निम्मी किंमत स्वतः उचलली.

पडद्यावर चित्रं नसत, माउसही नसे. काळ्या पडद्यावर यंत्राचं नाव, ‘बेसिक’ हा शब्द आणि पुढे लुकलुकणारी एक बारीक रेघ, एवढंच. आता काय करायचं, हे यंत्र सांगत नसे. समोरच्या मुलाने सांगायचं. या यंत्राचं खरं मोल इथे होतं. पहिल्याच तासाला मूल दोन ओळी लिही. दहा क्रमांकाच्या ओळीत ‘माझं नाव छाप’, वीस क्रमांकाच्या ओळीत ‘पुन्हा दहावर जा’. ‘रन’ म्हटलं की पडदाभर नावच नाव, आणि ते थांबेचना. शेवटी एस्केपची कळ दाबावी लागे. आपण सांगितलं आणि यंत्राने ऐकलं, याचा आनंद ज्याने अनुभवला तो आजही ते सांगताना खुलतो.

कीबोर्डच्या कोपऱ्यात ‘ब्रेक’ची कळ असे. चुकून तिला बोट लागलं की अर्ध्या तासाची मेहनत पडद्यावरून गायब, आणि डोळ्यांत पाणी. पण ‘ओल्ड’ असं टाइप केलं की प्रोग्राम परत मिळे. हे गुपित ज्याला आधी कळे, त्याला सगळा वर्ग हाका मारी.

मॉडेल ‘बी’ची स्मृती ३२ किलोबाइट. आठ रंगांचं चित्र काढायचं तर त्यातले २० किलोबाइट एकट्या पडद्यालाच लागत. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो त्या सगळ्या स्मृतीच्या शंभरपट जागा घेतो. जागा इतकी थोडी असल्यामुळे एकही शब्द फुकट न घालवता लिहायची सवय मुलांना आपोआप लागे. प्रोग्राम साठवायचा कॅसेटवर किंवा फ्लॉपीवर. कॅसेट असली तर तिची किरकिर ऐकत काही मिनिटं थांबायचं.

लहान मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा होती. तिच्यामागे अमेरिकेतल्या एमआयटीचे सीमूर पॅपर्ट होते. पडद्यावरच्या कासवाला शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ, असं चार वेळा सांगितलं की चौरस तयार. वळणाचा घोळ झालाच, तर मुलाने स्वतः उठून वर्गात चालून पाहायचं आणि आपलं कुठे चुकलं ते शोधायचं. भूमिती अशी पायांनी शिकता येते, हे पॅपर्ट यांचं म्हणणं आजच्या पाठांतराच्या तासांतही आठवायला हवं.

आपल्याकडे अडचणी होत्याच. पडद्यावरचं सगळं इंग्रजीत, सोबत आलेले बरेचसे प्रोग्राम ब्रिटिश वर्गांसाठी लिहिलेले, आणि शिकवणारे शिक्षकही हे पहिल्यांदाच शिकत होते. मोजक्या यंत्रांवर एवढ्या मुलांची पाळी यायची कशी? तरीही मागे उभं राहून दुसऱ्याची बोटं पाहण्यातही कितीतरी जण शिकले.

तिकडे विल्सन आणि फर्बर यांनी पुढच्या प्रोसेसरचं काम हाती घेतलं होतं. तो कसा चालेल याची तालीम त्यांनी बीबीसी बेसिकमध्येच केली, म्हणजे शाळेतली मुलं वापरत होती त्याच भाषेत. एप्रिल १९८५ मध्ये पहिली चिप हाती आली, तीही बीबीसी मायक्रोला जोडूनच तपासली गेली. तिचं नाव आर्म. आज जगातल्या बहुतेक मोबाइल फोनमध्ये तिच्याच कुळातली चिप चालते.