कचरा कुणाच्या दारात?

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळहून १२ बंद कंटेनर निघाले आणि पोलिसांच्या गाड्यांसह, सुमारे २५० किलोमीटर प्रवास करून आपल्या शेजारच्या पीथमपूरला पोहोचले. त्यांत ३३७ टन कचरा होता. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी त्या आठवड्यात एकच चर्चा होती, ‘आता आपल्या पाण्याचं काय होणार?’ हा कचरा कोणता, आणि तो पीथमपूरलाच का आला, हे समजून घेऊ.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाईल आयसोसायनेट हा वायू सुटला, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. तेव्हा सर्वांत आधी माणसे मेली ती कारखान्याच्या अगदी समोरच्या जयप्रकाश नगरासारख्या गरीब वस्त्यांत. पाठ्यपुस्तकात सहसा नसते ते पुढचे. कारखाना बंद पडला, पण कीटकनाशकांचे अवशेष, रिअॅक्टरमधला गाळ, विषारी माती हे सारे आवारातच राहिले. पावसाबरोबर ते जमिनीत मुरले आणि आसपासच्या हातपंपांच्या पाण्यात उतरले. ज्यांनी वायू सोसला त्यांच्याच शेजारी, कधी त्यांच्याच घरात, हे पाणी प्यायले गेले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या वस्त्यांना स्वच्छ पाणी देण्याचा आदेश द्यावा लागला. म्हणजे दुर्घटनेला वीस वर्षे उलटल्यावर!

आता कचऱ्याचा प्रवास पाहा. तो गुजरातेत अंकलेश्वरला जाळायचे ठरले. गुजरातने नकार दिला. २०११ मध्ये नागपूरजवळच्या संरक्षण खात्याच्या भट्टीचे नाव निघाले. महाराष्ट्राने विरोध केला. २०१२ मध्ये एक जर्मन संस्था तो जर्मनीला न्यायला तयार झाली होती, पण तिथल्या लोकांनी आवाज उठवला आणि तीही मागे हटली. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. विष कुणालाच नको असते. प्रश्न एवढाच, की कुणाचे ‘नको’ ऐकले जाते?

या प्रश्नाला अमेरिकेत एक नाव मिळाले. १९७८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात कुणीतरी पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेले तेल रस्त्यांच्या कडेने शेकडो किलोमीटर चोरून ओतले. ती माती उचलून पुरायची कुठे? सरकारने वॉरेन कौंटी निवडली. तिथे भूजल अगदी वर होते, म्हणजे जागा शास्त्रदृष्ट्या चांगली नव्हती. पण वस्ती बहुतांश कृष्णवर्णीय आणि गरीब होती. सप्टेंबर १९८२ मध्ये मालमोटारी आल्या तेव्हा लोक रस्त्यावर आडवे झाले, पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. तरीही माती तिथेच पुरली गेली. पुढे २००३ पर्यंत ती शुद्ध करण्यावर सरकारलाच खर्च करावा लागला. या लढ्यातले एक नेते बेंजामिन चॅव्हिस यांनी ‘पर्यावरणीय वर्णद्वेष’ हा शब्द रूढ केला. आपल्या भाषेत ‘वर्ण’ म्हणजे रंगही आणि चातुर्वर्ण्यातला वर्णही, त्यामुळे हा शब्द मराठीत जरा जास्तच नेमका बसतो. गटारसफाईची कामे आजही कुणाच्या वाट्याला येतात, ते आठवून पाहा.

पीथमपूरची जाळभट्टी आहे ती तारपुरा गावाला लागून. विहिरींचे पाणी खराब झाल्याची तिथल्या लोकांची तक्रार जुनी आहे. २०१५ मध्ये याच भट्टीत भोपाळचा १० टन कचरा चाचणी म्हणून जाळला गेला, तेव्हा आपण इंदूरकर फारसे जागे झालो नव्हतो. २०२५ मध्ये यशवंत सागरच्या पाण्याचे नाव निघाले आणि मग शहर बोलू लागले. पालकांनी माझ्यावर रागावू नये, मीही त्यातलाच एक!

३ जानेवारीला पीथमपुरात मोठे आंदोलन झाले, दोघांनी अंगावर पेट घेतला. न्यायालयाच्या परवानगीने आधी ३० टनांच्या चाचण्या झाल्या आणि उरलेला कचरा मे-जून २०२५ मध्ये, जूनच्या अखेरपर्यंत, जाळून संपला. धूर मर्यादेत होता असे अधिकाऱ्यांनी सांगितले.

पण जाळणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे. सेंद्रिय विषे खूप तापमानात मोडतात. पारा, शिसे यांसारखे धातू मात्र मोडत नाहीत. काही धुरावाटे जाऊ पाहतात, बाकीचे राखेत उरतात. शिवाय आम्ल वायू शोषण्यासाठी चुना मिसळावा लागतो. त्यामुळे ३३७ टन कचऱ्याची राख व अवशेष मिळून आठशे टनांच्या वर गेले. ते जाड प्लास्टिकच्या थरांवर, जमिनीखाली पाणी झिरपू न देता पुरायचे असतात, आणि तो थर पिढ्यान्‌पिढ्या टिकायला हवा.

भोपाळात कारखान्याच्या आत-बाहेर दूषित झालेली माती राष्ट्रीय संस्थांच्या २०१० च्या अंदाजानुसार ११ लाख टन आहे. पीथमपूरला आलेल्या कंटेनरांत तिचा अगदी नगण्य भाग होता.