प्रत आहे, पण उघडते का?

बेओवोल्फ नावाचा एक फाँट १९८९-९०च्या सुमारास आला. हेगच्या रॉयल कला अकादमीत शिकलेले युस्ट व्हान रॉसम आणि एरिक व्हान ब्लॉकलँड हे त्याचे कर्ते. त्याची गंमत अशी की एकच अक्षर कागदावर दोनदा सारखं उमटायचं नाही. त्या काळी लेसर प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट भाषेत आज्ञा जायच्या, इथून तिथे सरळ रेघ ओढ, इथून तिथे वळण घे. या दोघांनी त्या आज्ञांच्या जागी स्वतःची एक आज्ञा बसवली आणि तिचं नाव ठेवलं ‘फ्रीकटू’. अक्षराच्या कडेवरचा प्रत्येक बिंदू ती थोडा इकडेतिकडे ढकलायची. किती ढकलायचा, ते प्रिंटर त्या क्षणी ठरवायचा.

पुढे संगणकप्रणाली बदलल्या, प्रिंटरचे ड्रायव्हर बदलले आणि फ्रीकटूला कुणी दाद देईना. फाइल शाबूत राहिली, पण अक्षरांची थरथर बंद झाली. नंतर ओपनटाइप या नव्या फाँट-साच्यात हा फाँट पुन्हा केला तेव्हा प्रत्येक अक्षराची बरीच रूपं आधीच काढून ठेवावी लागली. २०११ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २३ डिजिटल फाँट आपल्या संग्रहात घेतले, त्यात बेओवोल्फही आहे. संग्रहालय फाइल जपेल. ती ज्या प्रिंटरच्या जिवावर थरथरायची, तो प्रिंटर मात्र कुणी जपायचा?

मी हेगमध्ये राहून देवनागरी फाँट करते, त्यामुळे हा प्रश्न मला नुसता इतिहास म्हणून पडत नाही. आमच्या धंद्यात बॅकअप म्हटलं की लोक डिस्कबद्दल बोलतात. कुठली घेतली, किती टेराबाइटची, क्लाउडला महिन्याचे किती युरो पडतात. गेल्या पस्तीस वर्षांत इथल्या टाइप डिझायनरांचं काय हरवलं आणि काय वाचलं ते मागे वळून पाहिलं, तर डिस्कचा वाटा त्यात फार नाही, असंच माझं मत बनतं.

हरवण्याची परंपरा इथे तशी जुनी. सतराव्या शतकात ॲमस्टरडॅममध्ये क्रिस्टोफेल व्हान डाइक नावाचा नामी पंचकार होऊन गेला. त्याने कोरलेले पोलादी पंच आणि तांब्याच्या मातृका फिरत फिरत हार्लेमच्या एन्स्खेडे या ओतशाळेकडे आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या वळणाची फॅशन सरली आणि त्यातला बहुतेक माल चक्क मोडीत काढला गेला. १९३०च्या दशकात मोनोटाइप कंपनीला तेच अक्षर पुन्हा हवं झालं, तेव्हा हाताशी होती १६७१ साली छापलेल्या एका डच पुस्तकाची पानं. दाबानं फुगलेली शाई आणि खडबडीत कागद यांच्या आडून मूळ आकार ताडायचा होता. जे जमलं ते देखणं आहे, पण ते व्हान डाइकचं किती आणि मोनोटाइपच्या कारागिरांचं किती, यावर जाणकार अजून वाद घालतात. आपल्याकडे निर्णयसागर छापखान्याचं वळणही बहुतेकांना पुस्तकांच्या पानांवरूनच ठाऊक आहे. ते खिळे हातात घेतलेले किती जण असतील?

हा ‘छापील पानावरून मूळ शोधण्याचा’ प्रकार डिजिटल काळात संपला, असं पुष्कळांना वाटतं. तो संपलेला नाही. गिऱ्हाइकाला आपण देतो तो तयार फाँट म्हणजे छापील पानच. माझ्या कामाच्या फाइलमध्ये ‘क’ची शिरोरेषा वेगळी असते, दंड वेगळा, डावी गाठ वेगळी आणि उजवीकडची वाटी वेगळी, सगळं एकावर एक ठेवलेलं. दंड जाड करायचा तर नुसता दंड ओढायचा. सगळ्यात बारीक आणि सगळ्यात ठळक अशी दोन टोकं काढून ठेवलेली असतात, मधली वजनं त्यातून निघतात. वेलांटी नि रफार कुठे टेकायचे त्याचे बिंदू असतात, आणि नाकारलेले चार ‘ळ’ही असतात. फाँट तयार करताना हे सगळं एकजीव होतं. पाट्यावर वाटण झालं की त्यातलं खोबरं वेगळं काढता येत नाही, तसं. फाँट हाताशी आहे आणि मूळ फाइल गेली, तर अक्षर छापता येईल, पण त्यात सुधारणा करायची म्हणजे पुन्हा पाट्यापासून सुरुवात.

एन्स्खेडेत १९५८ पासून काम केलेल्या ब्राम द डूस यांची गोष्ट इथे आठवते. फोटोटाइपसेटिंग आलं तेव्हा टाइप डिझायनर व्हान क्रिम्पेन यांचा जुना रोमाने हा टाइप त्या यंत्रासाठी बदलून घ्यावा का, असं त्यांना विचारलं गेलं. नको, त्यापेक्षा नवीन करा, असा सल्ला त्यांनी दिला. मग ते काम त्यांच्याच गळ्यात पडलं. १९८२ साली त्यातून त्रिनिते आला. दहा वर्षांच्या आत फोटोटाइपसेटिंगची ती यंत्रं भंगारात निघाली आणि त्रिनिते पुन्हा नव्याने डिजिटल करावा लागला. पेटर माथियास नोर्डझाय यांनी १९९१ साली काढलेल्या छोट्या फाउंड्रीतून तो आला. मला यातला वेग लक्षणीय वाटतो. व्हान डाइकच्या मातृका कालबाह्य व्हायला दीड शतक लागलं, त्रिनितेच्या यंत्राला दहा वर्षंही लागली नाहीत.

पुढचा टप्पा फाँटोग्राफरचा. १९८६ साली अमेरिकेत आलेल्या या प्रोग्रॅममुळे टाइप डिझायनरला मोठ्या कंपनीच्या दारात उभं राहण्याची गरज उरली नाही. १९९५ मध्ये त्याची मूळ कंपनी मॅक्रोमीडियाने घेतली आणि नंतर त्याच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. तेव्हा हेगच्या मंडळींनी एक खटपट केली. युस्ट यांचे थोरले बंधू गिडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या गणित-संगणक संस्थेत १९८९च्या नाताळात पायथन भाषा लिहायला घेतली होती. घरातलीच भाषा म्हणून ती फाँटोग्राफरच्या पोटात बसवली गेली आणि त्याचं नाव झालं रोबोफॉग. कंटाळवाणी कामं आता स्क्रिप्टवर सोपवता येऊ लागली आणि लोक खूश झाले. मग ॲपलने जुनी मॅकप्रणाली टाकून नवी आणली. रोबोफॉग काही त्या नव्या प्रणालीवर आला नाही.

ऑक्टोबर २००७ मध्ये ॲपलची लेपर्ड नावाची आवृत्ती आली. आपोआप बॅकअप घेणारं टाइम मशीन पहिल्यांदा तिच्यात मिळालं, आणि जुन्या प्रणालीचे प्रोग्रॅम चालवायची सोय तिच्यातच काढून टाकली. एका हाताने प्रत ठेवायची सोय दिली, दुसऱ्याने ती उघडायची काढून घेतली. त्या वेळी यावर कुणी फारसं बोललं नाही.

हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागू नये. १९९८ सालच्या दिवाळी अंकाची पेजमेकर फाइल आज उघडून बघा. उघडलीच, तर अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं दिसतील. तेव्हाच्या प्रत्येक मराठी फाँटची आपली वेगळी गुप्त लिपी असायची. सीडीला ओरखडासुद्धा नसतो, आणि अंक वाचता येत नाही.

हेगकरांनी यावर शोधलेला उपाय मला या पस्तीस वर्षांतला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि त्याला कसलीही चमक नाही. २००४ साली युस्ट, एरिक आणि अमेरिकेचे टाल लेमिंग यांनी फाँटच्या कामासाठी एक खुला साचा ठरवला. त्याचं नाव युनिफाइड फाँट ऑब्जेक्ट, म्हणजे यूएफओ. होय, उडती तबकडीच. डच विनोदाची पातळी साधारण इतकीच असते.

यूएफओ ही फाइल नसून फोल्डर आहे. आत प्रत्येक अक्षराची स्वतंत्र छोटी फाइल, तीही साध्या मजकुराची. माझ्या ‘क’ची फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर सुरुवातीला युनिकोडचा आकडा ०९१५ दिसतो. मग अक्षराची रुंदी, मग एकेक बिंदू आडवा किती, उभा किती, रेघेचा की वळणाचा. अक्षरांमधल्या अंतरांची फाइल वेगळी. २००९च्या दुसऱ्या आवृत्तीपासून जोडाक्षरांचे नियमही साध्या मजकुरात शेजारी बसतात. क, हलन्त आणि ष एकत्र आले की क्ष लाव, हे तिथे जवळजवळ याच शब्दांत लिहिलेलं असतं. उद्या जगातले सगळे फाँट-प्रोग्रॅम बंद पडले, तरी आलेखवही आणि पेन्सिल घेऊन माझा ‘क’ कुणालाही काढता येईल. एखादी फाइल सडली तर एक अक्षर जाईल, फाँट जाणार नाही.

त्यातली एक बारकी युक्ती मला फार आवडते. मोठ्या ए या अक्षराच्या फाइलच्या नावात मुद्दाम एक अंडरस्कोर घातलेला असतो. काही डिस्कांना मोठा ए आणि छोटा ए यांतला फरक कळत नाही. तिथे प्रत करताना एक फाइल दुसरीवर बसली असती आणि निम्मी वर्णमाला गुपचूप पुसली गेली असती. कुठल्या तरी प्रसंगी हात पोळल्याशिवाय असं सुचत नाही. आपल्या ट आणि त यांची तशी गल्लत होत नाही, टचं नाव रोमनमध्ये दोन टींनी लिहितात म्हणून.

साचा लगेच रुळला असं नाही. पुष्कळ वर्षं बहुतेकांचं काम फाँटलॅब या प्रोग्रॅमच्या बंद फाइलींतच चालू होतं. २०११ मध्ये रोबोफाँट आला तो यूएफओवरच उभा राहिलेला. त्याच साली आलेल्या ग्लिफ्सची फाइल वेगळी, पण तीही मजकुराचीच. तेव्हा कुठे वारं फिरलं. मजकूर असल्यामुळे बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये टाकून काल रात्री ‘झ’च्या कोणत्या बिंदूला हात लावला ते आज पाहता येतं. तक्रारीही आहेत. हजार-बाराशे छोट्या फाइलींचं फोल्डर क्लाउडवर चढवणं हे वैतागाचं काम आहे.

आणि क्लाउडचं म्हणाल, तर माझी स्वतःची फजिती तिथलीच. एका फाँटचे रफाराचे सगळे पर्याय लॅपटॉपवर चुकून पुसले गेले. सिंक इमानदार निघालं, त्याने ते वरूनही पुसले. दोन महिन्यांनी लक्षात आलं तोवर परत मिळण्याची मुदत संपली होती. सेवेचा काही दोष नव्हता. मी सिंकला बॅकअप समजत होते.

आगी आणि चोऱ्यांचं प्रकरण थोडक्यात आटोपते, कारण त्यात नवीन काही नाही. १३ मे २००८ रोजी डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातली वास्तुकलेची इमारत जळाली. पाण्याची गळती कॉफीच्या यंत्रात शिरून शॉर्टसर्किट झालं, एवढंच निमित्त. ग्रंथालय आणि नामांकित खुर्च्यांचा संग्रह वाचला, विद्यार्थ्यांची कामं मात्र इमारतीबरोबर गेली. डिसेंबर २०१९ मध्ये मास्त्रिख्त विद्यापीठाच्या फाइलींना खंडणीखोरांनी कुलूप लावलं. काही बॅकअपही त्याच जाळ्याला जोडलेले होते, तेही कुलूपबंद झाले. विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे जवळपास दोन लाख युरो मोजले. पोलिसांनी त्यातला काही भाग पुढे पकडला, आणि बिटकॉइनचा भाव इतका चढला होता की परत आलेली रक्कम दिलेल्या खंडणीहून मोठी भरली. असा बॅकअप सगळ्यांच्या नशिबी नसतो.

तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा नियम आता सगळे सांगतात. डच माणसाला तो पटवावा लागत नाही. इथे समुद्राकडेच्या बांधाला वाकर म्हणतात, जागता. त्यामागचा स्लापर, म्हणजे निजलेला, आणि त्याच्याही मागचा द्रोमर, स्वप्न बघणारा. पहिला फुटला तर दुसरा, दुसरा फुटला तर तिसरा. तरीही १ फेब्रुवारी १९५३च्या पहाटे बांध फुटून १८३६ माणसं गेली. तेव्हापासून बांध आहे का, एवढंच विचारून इथे भागत नाही. तो तपासला कधी, हेही विचारतात.

तपासण्याचा माझा मुहूर्त ठरलेला आहे. खंडेनवमीला लॅपटॉपला झेंडू वाहून हळदकुंकू लावण्याआधी मी कपाटातल्या डिस्कवरून एक जुनं काम काढते, सगळ्यात जुन्यांपैकीच एक. ते उघडून, एक अक्षर बदलून फाँट बनवून बघते. गेल्या नऊ वर्षांत दोनदा ते उघडलं नाही. दोन्ही वेळी डिस्क ठणठणीत होती आणि फाइल बंद साच्यातली होती. एक काम जुन्या मॅकवाल्या मित्राने यूएफओत काढून दिलं. दुसरं अजून तसंच आहे.

तुमच्याकडे जुनी फाँटलॅबची फाइल, पेजमेकरचा अंक, कोरलड्रॉमधली लग्नपत्रिका, काहीही असेल, तर येत्या दसऱ्याला एक उघडून बघा. उघडली नाही तर ती उघडेल असा जुना संगणक कुणाकडे आहे ते त्याच दिवशी फोन करून विचारा. दिवाळीनंतर बघू, म्हणू नका. तो संगणकही बहुधा दिवाळीच्या साफसफाईतच भंगारवाल्याकडे जाणार असतो.